कोंबडा आरवेपर्यंत

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून मी चर्चच्या आवारात लोकांशी बोलत उभा होतो. महाविद्यालयात शिकणारी आमच्या युवक संघातील तीन-चार मुले जवळ आली. त्यांच्यापैकी एका मुलीने थोडे चाचरतच विचारले, "फादर, 'नोस्फेरातू' नावाचा नवा सिनेमा लागलाय. रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा आहे. आम्ही पाहिला तर चालेल का?"

अशा प्रश्नाला धर्मगुरूच्या ओठांवर एक ठरीव उत्तर तयार असते. त्या दिवशी मात्र ते उत्तर माझ्या ओठांवरच थांबले, आणि त्याला दोन कारणे होती.

पहिले कारण १९९८ सालचे. मी तेव्हा नुकताच दीक्षित झालेला सहायक धर्मगुरू होतो. नाताळच्या सुट्टीत धर्मग्रामातील युवकांनी व्हीसीआर भाड्याने आणून सभागृहात एक भयपट लावला होता. मला ते कळताच मी आत गेलो, टीव्हीची पिन काढली आणि पुढील रविवारी प्रवचनातही त्या मुलांचा समाचार घेतला. त्या वर्षी वडिलांच्या छत्राला पारखा झालेला एक मुलगा त्यांच्यात होता. तो मला नंतर एवढेच म्हणाला, "फादर, सिनेमातली भीती दोन तासांत संपते. घरातल्या भीतीचं काय करायचं, ते कधी सांगाल?" मी त्याला उद्धट ठरवले. त्यानंतर तो युवक संघात फिरकला नाही.

दुसरे कारण त्याहून तीन वर्षे जुने आहे. १९९५ साली चित्रपटकलेची शताब्दी साजरी झाली. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी तिकीट लावून पहिला जाहीर खेळ केला होता. त्यांची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलातही झळकली. शताब्दीनिमित्त पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या वर्षीच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी चित्रपट हाच विषय निवडला, आणि व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कविषयक परिषदेने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग होते व प्रत्येकात पंधरा चित्रपट होते. आमच्या सेमिनरीच्या ग्रंथालयात ती यादी एका नियतकालिकात आली होती. 'गांधी' हे नाव मूल्यांच्या विभागात पाहून आम्हांला अभिमान वाटला. परंतु कलाविभागातील सर्वांत जुने नाव वाचून मी चक्रावलो. १९२२ सालच्या त्या जर्मन मूकपटाचे नाव होते 'नोस्फेरातू', आणि त्याच्या शीर्षकातच त्याला भयाची सिंफनी म्हटले होते. पिशाच्चाचा सिनेमा व्हॅटिकनच्या यादीत! छापण्यात काहीतरी चूक झाली असावी, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पान उलटले.

ते उलटलेले पान त्या मुलीच्या प्रश्नामुळे तीस वर्षांनी पुन्हा उघडले गेले. नवा चित्रपट २०२४ साली रॉबर्ट एगर्स यांनी केला असून त्याचा मूळ स्रोत हाच जुना मूकपट आहे, असे मला समजले. "आधी मला जुना पाहू द्या, मग सांगतो," असे मी मुलांना म्हटले. त्याच आठवड्यात एका रात्री माझ्या खोलीत एकट्याने सुमारे दीड तासाचा तो मूकपट पाहिला. त्यानंतर मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

एका कादंबरीपासून एका संस्कृत शब्दापर्यंत

कथेचे मूळ ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीत आहे. ती १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. १९१२ साली स्टोकर निवर्तले आणि पुस्तकाचे हक्क त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांच्याकडे आले.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीने सुमारे वीस लाख सैनिक गमावले होते. पाठोपाठ १९१८ च्या इन्फ्लुएंझाने घरोघर मृत्यू नेला. मृत्यूशी असा रोजचा परिचय झालेल्या त्या देशात १९२१ साली आल्बिन ग्राउ या चित्रकाराने एका सहकाऱ्यासह चित्रसंस्था काढली. ग्राउ यांना गूढविद्येची ओढ होती. त्यांनी संस्थेला नाव दिले 'प्राना', म्हणजे आपल्या संस्कृतातील 'प्राण'. प्राण हे नाव धारण करणाऱ्या त्या संस्थेने आयुष्यात एकच चित्रपट काढला आणि तोही मृत्यूचा, हा दैवाचा विचित्र खेळ म्हणावा लागेल.

दिग्दर्शनासाठी फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाउ यांची निवड झाली. ते तेव्हा तेहेतिशीत होते. युद्धात त्यांनी वैमानिक म्हणून काम केले होते. पटकथा हेन्रिक गालेन यांनी लिहिली, छायाचित्रण फ्रिट्झ आर्नो वाग्नर यांनी केले आणि पिशाच्चाची भूमिका रंगभूमीवरील नट माक्स श्रेक यांच्याकडे गेली. कादंबरीतील लंडनऐवजी विस्बोर्ग हे काल्पनिक जर्मन बंदर आले, काळ १८३८ सालचा झाला आणि ड्रॅक्युलाचा 'काउंट ओर्लोक' झाला. नावे बदलली तरी कथा कोणाची आहे हे लपविले नव्हते. श्रेयनामावलीत स्टोकर यांचा उल्लेख होता. मात्र त्यांच्या पत्नीची अनुमती कोणीही घेतली नव्हती.

४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील संगमरवरी सभागृहात पहिला खेळ थाटामाटात झाला. निमंत्रितांनी कथेतील काळाला साजेशा जुन्या पोशाखात यावे, अशी विनंती केलेली होती. या समारंभाचा व जाहिरातींचा खर्च संस्थेला पेलला नाही आणि वर्ष संपण्यापूर्वीच तिचे दिवाळे वाजले.

कथा काय आहे?

हुटर नावाचा एक आनंदी, थोडासा उथळ तरुण आपल्या पत्नीसह विस्बोर्गमध्ये राहत असतो. तिचे नाव एलेन. आरंभीच्या एका प्रसंगात तो बागेतून फुले तोडून तिच्यासाठी आणतो. ती ती फुले उराशी धरते आणि ही सुंदर फुले तू का मारलीस, असे त्याला विचारते. प्रेक्षकाला हा प्रश्न त्या वेळी लाडिक वाटतो. पुढे काय वाढून ठेवले आहे हे कळल्यावर त्याची आठवण होते.

हुटर ज्याच्याकडे नोकरी करतो तो घरांचा दलाल क्नॉक त्याला कार्पेथियन पर्वतात काउंट ओर्लोककडे पाठवितो. काउंटला विस्बोर्गमध्ये घर हवे असते. वाटेतील खाणावळीत ओर्लोकचे नाव काढताच गावकऱ्यांचे चेहरे पडतात. खोलीत पिशाच्चांविषयीचे एक पुस्तक असते. हुटर ते वाचून हसतो आणि फेकून देतो. किल्ल्यात पोहोचल्यावर त्याला यजमान भेटतो. टक्कल पडलेले डोके, टोकदार कान, उंदरासारखे पुढचे दात आणि लांबलचक नखे. व्यवहाराच्या वेळी काउंटला एलेनचे लहानसे चित्र दिसते, आणि तो लगेच त्यांच्या समोरचे घर विकत घेतो.

मग तो समुद्रमार्गे निघतो. सोबत मातीने भरलेल्या शवपेट्या आणि त्यांत उंदीर. एकामागून एक खलाशी मरतात. शेवटी कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो. कोणीही जिवंत नसलेले ते जहाज निःशब्दपणे बंदरात शिरते आणि शहरात प्लेग पसरतो. दवंडी पिटणारा रस्त्यारस्त्याने हुकूम वाचून दाखवितो, दारांवर खडूने क्रूस रेखले जातात आणि काळ्या पोशाखातील माणसे रस्त्याच्या मधोमध शवपेट्या वाहून नेतात. एलेन खिडकीतून ते पाहते. पतीने वाचू नको म्हणून बजावलेले पुस्तक ती उघडते. शुद्ध अंतःकरणाच्या एखाद्या स्त्रीने पिशाच्चाला कोंबडा आरवेपर्यंत आपल्यापाशी खिळवून ठेवले तरच त्याचा अंत होईल, असे त्यात लिहिलेले असते. ती खिडकी उघडते. पहाट होते, कोंबडा आरवतो, सूर्यकिरणात ओर्लोक धुरासारखा विरून जातो. एलेनही पतीच्या बाहूंत प्राण सोडते. साथ थांबते.

सूर्यप्रकाशाने पिशाच्च नष्ट होते ही कल्पना आज आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. परंतु ती स्टोकर यांची नव्हे. त्यांचा ड्रॅक्युला दिवसाही वावरू शकतो, फक्त त्याची शक्ती क्षीण होते. प्रकाशाने पिशाच्च मरते ही गोष्ट जगाने या मूकपटापासून घेतली.

भय कसे उभे राहिले?

आजच्या भयपटांत रक्ताचे पाट वाहतात. या चित्रपटात रक्ताचे म्हणावे असे दर्शन एकदाच घडते, तेही भाकरी कापताना हुटरचे बोट कापते तेव्हा. मग भय येते कोठून?

त्याचे एक उत्तर स्थळांत आहे. दोन वर्षे आधी, १९२० साली गाजलेल्या 'डॉक्टर कॅलिगारी'त घरे व रस्ते रंगविलेल्या पडद्यांचे होते. मुर्नाउ यांनी खरी स्थळे निवडली. विस्बोर्गचे चित्रण विस्मार आणि ल्युबेक या बाल्टिक किनाऱ्यावरील नगरांत झाले. किल्ला आहे स्लोवाकियातील ओरावाचा. ओर्लोक विकत घेतो ते 'घर' म्हणजे ल्युबेकची मिठाची जुनी गोदामे. मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या आपल्या वसईकर वाचकांना हे वाचून गंमत वाटेल. पडद्यावर मात्र त्या काळ्या खिडक्यांकडे पाहून अंगावर काटा येतो. खऱ्या झाडांवर, खऱ्या लाटांवर, खऱ्या रस्त्यांवर सावट येते, म्हणून ते आपल्याही रस्त्यावर येईल असे वाटते.

दुसरे उत्तर साध्या युक्त्यांत आहे. ओर्लोकची घोडागाडी जंगलातून जाते तेव्हा चित्र उलटे छापले आहे, त्यामुळे झाडे पांढरी आणि आकाश काळे दिसते. काही हालचाली अनैसर्गिक वेगाने होतात. आणि सर्वांत मोठी युक्ती म्हणजे सावली. अखेरीस ओर्लोक एलेनच्या खोलीकडे येतो तेव्हा जिन्यावर आपल्याला फक्त त्याची सावली दिसते. सावलीचाच हात तिच्या छातीवर येतो आणि मूठ आवळतो. पिशाच्चाला स्वतःचे असे काही नाही, तो केवळ पोकळी आहे, हे मुर्नाउ यांनी एका शब्दाविना दाखविले. संत ऑगस्टीन यांनी शिकविले की दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नसून चांगुलपणाचा अभाव आहे. सेमिनरीत आम्ही हे परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ त्या रात्री जिन्यावरची सावली पाहताना मला अधिक उमगला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फीत निळ्या रंगात बुडवीत. निळा म्हणजे रात्र, असा संकेत होता. पुढे अनेक दशके ज्या प्रती फिरल्या त्या केवळ काळ्या-पांढऱ्या होत्या. त्यामुळे सूर्याला भिणारा ओर्लोक भर दुपारी शवपेटी काखेत मारून हिंडताना दिसे, आणि प्रेक्षक हसत. दोष चित्रपटाचा नव्हता. त्याची रात्र हरवली होती.

मृत्युदंड झालेला चित्रपट

रात्र हरवण्याचे कारण एका खटल्यात आहे. फ्लॉरेन्स स्टोकर यांना या चित्रपटाविषयी कळले तेव्हा त्यांनी इंग्लंडमधील लेखकांच्या संस्थेच्या साहाय्याने जर्मनीत दावा लावला. चित्रसंस्थेचे दिवाळे निघाले असल्यामुळे पैसा मिळण्याची आशा उरली नाही. त्यांनी मग चित्रपटच नष्ट करावा अशी मागणी केली, आणि १९२५ साली न्यायालयाने मूळ निगेटिव्ह व सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला.

चित्रपटाचे चाहते या बाईंवर फार राग धरतात. मला तसे करवत नाही. पतीच्या पुस्तकावर जगणाऱ्या विधवेची संपत्ती न विचारता कोणी घेतली, तर तिने काय करावे? सातवी आज्ञा कलावंतालाही लागू आहे. कायदा आणि न्याय तिच्या बाजूने होता. तरीही आदेश पूर्णपणे अमलात आला असता तर जगाचे मोठे नुकसान झाले असते, हेही तितकेच खरे. मनुष्याच्या व्यवहारात अशा गाठी पडतात, आणि त्या सोडविण्याचा आव आणण्यापेक्षा त्या मान्य करणे बरे.

प्रती परदेशी गेल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचला. १९२८ साली तो लंडनमध्ये, म्हणजे बाईंच्याच शहरात, एका चित्रपट मंडळाने दाखविला. मूळ निगेटिव्ह मात्र कायमचे गेले. नंतरच्या अभ्यासकांनी देशोदेशीच्या संग्रहालयांतील तुकडे जुळवीत तो पुन्हा उभा केला. १९८१ साली म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयात एनो पाटालास यांनी आणि २००६ साली लुसिआनो बेरिआतुआ यांनी केलेले काम त्यांत महत्त्वाचे आहे. पॅरिसच्या संग्रहातील एका जुन्या रंगीत प्रतीच्या आधाराने त्याला त्याची निळी रात्र परत मिळाली. ज्या यादीचा मी उल्लेख केला ती १९९५ ची. म्हणजे जाळून टाकण्याची शिक्षा झालेल्या चित्रपटाला सत्तर वर्षांनी व्हॅटिकनने मानाचे पान दिले. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांच्या दुष्परिणामांविषयी सावध करणारे परिपत्र काढले होते. त्या सावधगिरीपासून या यादीपर्यंत ख्रिस्तसभेने केलेला प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. सावधगिरी चुकीची नव्हती. तिच्या जोडीला पारख आली.

साथ आणि संशय

स्टोकर यांची कादंबरी आली ते १८९७ साल आपल्याकडे कशासाठी स्मरणात आहे? प्लेगसाठी. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात साथीचे निदान केले ते गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या आपल्या ख्रिस्ती बांधवाने. जानेवारी १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. जून महिन्यात पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. साथीपेक्षा साथीचा बंदोबस्त लोकांना असह्य झाला होता. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो हे कराचीत दाखवून दिले. मुर्नाउ यांच्या चित्रपटातील उंदीर पाहणाऱ्या १९२२ च्या प्रेक्षकाला हे ज्ञान होते. १८३८ च्या विस्बोर्गकरांना ते नव्हते. आपल्याला ठाऊक आहे आणि त्यांना नाही, या अंतरातूनच बंदरातील ते दृश्य अधिक भयावह होते.

वांद्र्यात आणि मुंबई-साष्टीच्या जुन्या गावठाणांत प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही दिसतात. आपल्या पणज्यांनी त्यांच्यापुढे संध्याकाळी गुडघे टेकून प्रार्थना केल्या. चित्रपटात दारावर खडूने काढलेला क्रूस पाहताना मला ते क्रूस आठवले. आकार तोच, पण एकीकडे तो सांगतो की येथे मृत्यू आहे, दूर व्हा. दुसरीकडे तो सांगतो की येथे मृत्यू आहे, म्हणून एकत्र या. २०२० च्या साथीत ही दोन्ही प्रकारची माणसे मी पाहिली. शेजाऱ्याच्या दाराकडे पाहायलाही घाबरणारे होते, आणि त्याच दारापाशी जेवणाचा डबा ठेवून येणारेही होते.

चित्रपटातील आणखी एका प्रसंगाने मला अस्वस्थ केले. साथ आवरत नाही असे दिसताच विस्बोर्गच्या लोकांना दोषी माणूस हवा असतो. वेड लागलेला क्नॉक तुरुंगातून पळाला आहे हे कळताच सारा जमाव त्याच्यामागे धावतो. शेतात दूर उभी आकृती दिसते, ते तिच्यावर तुटून पडतात आणि चिंध्या करतात. ते बुजगावणे असते. खरे पिशाच्च तोवर आपल्या घरात सुरक्षित असते.

या ठिकाणी प्रामाणिकपणे एक आक्षेपही नोंदविला पाहिजे. परक्या देशातून उंदीर व रोगराई घेऊन येणाऱ्या ओर्लोकच्या रूपात काही अभ्यासकांना त्या काळातील यहुदीद्वेष्ट्या व्यंगचित्रांची छाया दिसते. निर्मात्यांच्या मनात ते होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण चित्रपटातील महत्त्वाचे नट स्वतः यहुदी होते. तथापि प्रतिमा निर्मात्याच्या हेतूपुरत्या राहत नाहीत. दहा-अकरा वर्षांनी जर्मनीत सत्तेवर आलेल्यांनी आपल्याच शेजाऱ्यांना उंदीर आणि रोग म्हटले आणि जमावाने ते मानले. क्नॉकची भूमिका करणारे आलेक्झांडर ग्रानाख यांना देश सोडावा लागला. प्राध्यापक बुल्वर यांच्या भूमिकेतील जॉन गोटोव्ट यांची १९४२ साली नाझींनी व्यापलेल्या पोलंडमध्ये हत्या झाली. बुजगावण्याच्या त्या दृश्याकडे हे ठाऊक असताना पुन्हा पाहावे. आपण परप्रांतीयाविषयी, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याविषयी, आजाऱ्याविषयी बोलताना कोणत्या शब्दांना हात घालतो, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

एलेन

कादंबरीत पिशाच्चाचा पराभव विद्वान व्हॅन हेल्सिंग आणि त्याचे साथीदार करतात. त्यांच्या हाती क्रूस असतो आणि पवित्र भाकरही असते. मुर्नाउ यांच्या चित्रपटात त्या विद्वानाच्या जागी आलेले प्राध्यापक बुल्वर विद्यार्थ्यांना कीटक पकडणारी वनस्पती दाखवीत राहतात; गरज असते तेव्हा ते उशिरा पोहोचतात. पुरोहित तर पिशाच्चाशी सामना करायला येतच नाही. युद्धाने पोळलेल्या पिढीला शस्त्र, शास्त्र आणि संस्था यांपैकी कशाचाच भरवसा उरला नव्हता, याची ही नोंद आहे. एक धर्मगुरू म्हणून ती मला टोचली, परंतु खोटी वाटली नाही.

उरते ती एक घरातली स्त्री. तिच्याजवळ शक्ती नाही, ज्ञान एका पुस्तकातील चार ओळींचे आहे. ती समोरच्या खिडकीतील सावली पाहते, रस्त्यावरच्या शवपेट्या पाहते आणि पळून जात नाही. आपल्या वाचकांनी यात ख्रिस्ताच्या बलिदानाचे रूपक घाईने शोधू नये. येथे पुनरुत्थान नाही. शेवटचे चित्र ओस पडलेल्या किल्ल्याचे आहे. पण इतरांसाठी आपला प्राण देणाऱ्या प्रेमाहून मोठे प्रेम नाही, ही प्रभूची शिकवण ज्यांच्या कानी लहानपणापासून पडली आहे, त्यांना एलेनची ओळख पटल्यावाचून राहणार नाही. अंधाराला मारायला ती धावत नाही. उजाडेपर्यंत ती त्याच्यासमोर टिकून राहते, एवढेच तिचे शौर्य.

कोंबड्याच्या आरवण्याविषयीही एक आठवण देतो. आपल्याला तो आवाज पेत्राच्या नाकारण्यामुळे ठाऊक आहे. परंतु चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अँब्रोझ यांनी पहाटेच्या प्रार्थनेसाठी रचलेल्या लॅटिन स्तोत्रात तोच आवाज आशेचा मानला आहे; त्याने वाटसरूला धीर येतो आणि पतिताला पुन्हा उठावेसे वाटते. नाकारणारा पेत्र रडला, तोही त्याच आवाजाने.

त्या मुलीला मी काय उत्तर दिले, हे सांगून थांबतो. लहान मुलांनी भयपट पाहू नयेत हे माझे मत आजही कायम आहे. सरसकट सगळे भयपट चांगले, असेही नाही. अनेक चित्रपट भीती विकतात आणि प्रेक्षकाला अधिक क्रूर करून घरी पाठवितात. पारख याच्यात करायची की भीती दाखविल्यानंतर चित्रपट आपल्याला कोठे नेऊन सोडतो. तुम्ही मोठे आहात, नवा पाहायचा की नाही हे तुम्ही ठरवा, असे मी त्यांना म्हटले. जुना मात्र आपण मिळून पाहू.

चाळीस दिवसांच्या उपवासकाळाआधीच्या एका शनिवारी आम्ही तो धर्मग्रामाच्या सभागृहात पाहिला. वीस-बावीस मुले होती, काही पालकही होते. सुरुवातीला ओर्लोकचे दात पाहून हशा पिकला. जहाज बंदरात शिरले तेव्हा सभागृहात शांतता होती. शवपेट्यांची रांग दिसताच एक आई डोळे पुसू लागली. २०२१ साली तिने आपला भाऊ साथीत गमावला होता आणि अंत्यविधीला तिला जाता आले नव्हते. चित्रपटानंतर तिने प्रथमच त्याविषयी चारचौघांत बोलायला सुरुवात केली. मुले ऐकत राहिली. त्या रात्री कोणीही लवकर घरी गेले नाही.

मी खोलीवर परतलो आणि जुन्या डायरीत एक फोन नंबर शोधला. तो बदललेला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या धर्मग्रामाच्या कार्यालयातून नवा मिळविला. १९९८ सालचा तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकलेला, दोन मुलांचा बाप आहे. "फादर, इतक्या वर्षांनी?" तो म्हणाला. मी त्याला सांगितले की त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे माझ्याकडून राहून गेले होते. घरातल्या भीतीचे काय करायचे, हे मला अजूनही पुरते सांगता येत नाही. पण त्या रात्री टीव्हीची पिन काढण्याऐवजी मी तुमच्यात खुर्ची ओढून बसायला हवे होते, एवढे मला कळले आहे.

तो काही वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "या ना एकदा घरी. जेवायलाच या."